अर्धाच द्या

माझ्या बायकोला खोटं बोलणं जमत नसे. फोन आला आणि मला घ्यायचा नसला, तर "ते घरी नाहीत" एवढंसुद्धा तिने माझ्यासाठी कधी सांगितलं नाही. "आहेत, पण बोलायचं नाहीये त्यांना," असं ती सरळ सांगून टाकी, आणि मग मला धावत येऊन फोन घ्यावाच लागे. अशा बाईने एक खोटं मात्र जवळजवळ तीस वर्षं न चुकता सांगितलं. कोणाच्याही घरी गेलो आणि आतून चहाचा ट्रे आला, की ती माझ्या आधी बोलायची. "ह्यांना अर्धाच द्या हं. पित्त होतं."

मला पित्त कधीच नव्हतं. माझे हात थरथरत.

मांडीवर ठेवलेले असले की ते शांत असत. काही करायला गेले की थरथरत. कप उचलायचा, सही करायची, सुईत दोरा ओवायचा, अशा वेळी. आणि कोणी बघत असेल तर दुप्पट. भरलेला कप ओठांपर्यंत नेणं मला शक्य नव्हतं, पण अर्ध्या कपाला काठापर्यंत हिंदकळायला जागा असते. हे तिने लग्नानंतरच्या पहिल्याच काही महिन्यांत ओळखलं आणि पित्ताची सोय करून टाकली. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी आभारही मानले नाहीत. आभार मानायचे तर आधी हात थरथरतो हे म्हणावं लागलं असतं.

हे आईकडून आलेलं होतं. आईची मान हलत असे, डावीकडून उजवीकडे, सारखी. आमचे नातेवाईक म्हणत, "हिला काहीही विचारा, नाहीच म्हणते." आई हसून साजरं करी. मी तेव्हा शाळेत होतो, आणि लोक हसले की माझे कान तापत. आपल्याला आईची मान लाज आणते, हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढे ती माझ्या हातांत उतरली.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. त्या काळी प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड हाताने लिहावं लागे, आणि माझी अक्षरं पाण्यावर काढल्यासारखी दिसत. आमचे प्राचार्य एकदा कार्ड डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "ग्रंथपाल, हे आपण रिक्षात बसून लिहिता का?" सगळे हसले, मीही हसलो. नंतर नव्वदीच्या मध्यावर कॉलेजात संगणक आले. जुने लोक धास्तावले. मी एकटाच आनंदाने शिकायला गेलो, कारण छापलेलं अक्षर थरथरत नाही. लोक मला पुरोगामी समजले. मी समजू दिलं.

लोकांना दुसराही एक संशय असे. सकाळी हात थरथरणारा माणूस रात्री काय करत असेल, याचा. गंमत म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी मला तोच उपाय सांगितला. हा कंपवात नव्हे, नुसता कंप आहे, गोळ्यांनी थोडा कमी होईल, आणि समारंभाला जायच्या आधी थोडीशी दारू घेतलीत तर तास-दोन तास हात शांत राहील, असं ते म्हणाले. बाहेर पडल्यावर लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत बायको मध्येच थांबून म्हणाली, "म्हणजे प्यायलेले वाटू नये म्हणून प्यायचं." आम्ही दोघेही इतके हसलो की एका बाईने वळून पाहिलं. दारू मी घेतली नाही. गोळ्या घेतल्या, त्यांनी झोप फार येई आणि हात होता तसाच राही.

मुलाचा साखरपुडा होईपर्यंत असं चाललं. त्या दिवशी व्याह्यांच्या कपाळाला गंध लावायचं होतं. मुलाच्या बापाचं एवढंच काम. मी आदल्या दिवशी आरशासमोर स्वतःच्या कपाळावर सराव केला होता. पण तिथे कॅमेरे होते, दोन्हीकडची माणसं होती, आणि माझं बोट व्याह्यांच्या कपाळावरून सुटलं ते भुवई ओलांडून नाकाच्या शेंड्यापर्यंत गेलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. व्याही भला माणूस. रुमालाने नाक पुसत "असू दे, असू दे" म्हणाले. तो फोटो अल्बममध्ये लावलेला नाही, पण मला तो लावल्यासारखा दिसतो.

मुलगा तेव्हा खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत असे. त्याने ऑफिसात इंटरनेटवर वाचून एका रविवारी जेवताना जाहीर केलं, "बाबा, ऑपरेशन आहे याच्यावर. मेंदूत बारीक तारा घालतात. छातीत कातडीखाली पेसमेकरसारखं मशीन. त्यातून करंट जातो. हात थांबतो."

"आणि डोकं?" त्याच्या आईने विचारलं.

"डोकं चालूच राहतं, आई."

"मग हरकत नाही. तेवढं एकच धड आहे त्यांचं."

ऑपरेशनच्या वेळी मला जागं ठेवलं होतं. डोकं एका चौकटीत घट्ट बसवलेलं, समोर पाटी धरलेली. डॉक्टर म्हणाले, "काका, चकली काढा," आणि मी काढली. चकली म्हणजे आतून बाहेर फिरत जाणारी रेघ. कंप किती आहे ते त्यावरून कळतं. माझी चकली काटेरी झाली. मग म्हणाले, "आता बोलत राहा. काहीही." मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी लहानपणी पाठ केलेला पावकीचा पाढा म्हणू लागलो. मध्येच माझी जीभ एकदम जड झाली, तोंडात खडा ठेवल्यासारखी. डॉक्टर कोणाला तरी म्हणाले, "थोडं मागे." जीभ सुटली. हाताची आणि जिभेची जागा मेंदूत शेजारी शेजारी असते, एकाला द्यायला गेलं की दुसऱ्याला लागतं, असं त्यांनी मला त्याच वेळी समजावलं. ते माझ्या डोक्यात राहिलं नाही. कारण पुढच्याच क्षणी माझा हवेत धरलेला हात थांबला. पंखा बंद केल्यावर थांबतो तसा नव्हे. एकदम. मी त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा हात असावा तसा बघत राहिलो. मग चकली काढली. ती गोल आली.

घरी आल्यावर बायकोने मला काठोकाठ कप भरून दिला. इतकी वर्षं माझा कप भरायची सवय नसल्याने तिचाच अंदाज चुकला आणि चहा बशीत सांडला. "आता मीच सांडायला लागले," ती म्हणाली. मी भरला कप ओठांना लावला. ती समोर उभी राहून बघत होती, आणि तिने बघितल्याने काहीही झालं नाही.

त्यानंतरची सहा-सात वर्षं चांगली गेली. निवृत्तीनंतर संध्याकाळी मी तिला मोठ्याने वाचून दाखवत असे. ती भाजी निवडी किंवा नुसती बसे. तिला प्रवासवर्णनं आवडत. जिथे आपण कधी जाणार नाही असे देश. लेखकाने तिथल्या जेवणाबद्दल काही लिहिलं नसेल तर ती म्हणे, "हा माणूस तिथे गेलेलाच नाही."

वर्षातून एकदा रुग्णालयात कंपाच्या रुग्णांचा मेळावा होई. त्यात मला व्यासपीठावर बोलवत. एक ताई काचेचा पेला काठोकाठ भरून माझ्या हातात देत, आणि मी तो एकही थेंब न सांडता पीत असे. टाळ्या पडत. समोर बसलेल्या लोकांचे हात टाळ्या वाजवतानाही थरथरत. मला माझं कौतुक आवडत असे, हे लिहायला हवं. परीक्षेत पहिला आलेला मुलगा जसा वर्गाकडे बघतो तसा मी त्यांच्याकडे बघत असे.

मग एकदा चष्मा लावताना काडी कानाच्या ऐवजी गालावर आपटली. काही दिवसांनी वर्तमानपत्र हातात खसखसू लागलं. पंखा बंद होता.

छातीतल्या मशीनसाठी घरी वापरायचं एक लहान यंत्र दिलेलं असतं. ते कातडीवर धरून करंट ठरावीक मर्यादेपर्यंत कमी-जास्त करता येतो. मी एक पायरी वर केली. खसखस थांबली. काही महिन्यांनी पुन्हा एक पायरी. डॉक्टरांनी तपासणीत विचारलं, तेव्हा मी "ठीक आहे" म्हणालो. तपासणीला जायच्या आधी पायरी वाढवून जात असे, त्यामुळे चकली बरी येई. एवढा खर्च, एवढे कष्ट, मुलाची धावपळ, टाळ्या. पास झालेल्या मुलाला पुन्हा त्याच वर्गात बसवल्यासारखं वाटत होतं, आणि आपलंच काहीतरी चुकलं असणार असं वाटत होतं.

शेवटी लपेना, तेव्हा डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मशीन बिघडलेलं नाही. बॅटरी नवी आहे. तारा जागेवर आहेत. पण काही लोकांत मेंदू त्या करंटला सरावतो, आणि मूळ दुखणंही आपल्या गतीने वाढतच असतं. झोपताना मशीन बंद ठेवलंत तर मेंदूला विश्रांती मिळून थोडा फायदा होईल. करंट वाढवायला मात्र मर्यादा आहे. "काका, तुमचं बोलणं जड झालंय. लक्षात आलंय का?"

आलं नव्हतं. म्हणजे, दुसऱ्यांच्या आलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उठलो, तर खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ हसत म्हणाले होते, "काय काका, आज दुपारपासूनच बसलात वाटतं?" बसणं म्हणजे दारूला बसणं. दारू कधी न घेतलेला माणूस मी, आधी हातामुळे प्यायलेला दिसत होतो, आता हात थांबवल्यामुळे प्यायलेला ऐकू येत होतो.

रात्री मशीन बंद ठेवायचं मी आठवडाभर करून पाहिलं. सकाळी चालू करेपर्यंत हात पूर्वीपेक्षाही जास्त उडत. बायको दुधाचं पातेलं माझ्यापासून लांब सरकवी. मला ते सहन होईना. मी बंद करणं बंद केलं.

त्याच वर्षी ती आजारी पडली. दुखणं पोटातलं होतं आणि कळलं तेव्हा फार पुढे गेलेलं होतं. दोन-तीन महिन्यांत ती अंथरुणाला लागली. मुलगा आणि सून सुट्ट्या घेत, घरून काम करत, आणि दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. पण पेज भरवायची ती मीच, असं मी ठरवून टाकलं. यंत्र छातीवर धरून मी करंट अगदी वर नेई आणि मग चमचा उचली. चमचा सरळ जाई. लोक भेटायला येत, दारात थांबून बघत, आणि म्हणत, "बघा, किती करतात." मला ते ऐकू येत असे.

संध्याकाळी मी तिला वाचून दाखवायचो. तसाच, करंट वर ठेवून, कारण थोड्या वेळाने पुन्हा भरवायचं असे. एका संध्याकाळी बर्फाळ प्रदेशातल्या कुठल्याशा प्रवासाचं पुस्तक वाचत होतो. ती डोळे मिटून पडली होती. दोन पानं झाल्यावर म्हणाली, "अहो, रागावू नका."

"काय झालं?"

"तुम्ही काय वाचताय ते मला कळत नाही हो."

मला वाटलं औषधाच्या गुंगीने. मी मोठ्याने वाचू लागलो. तिने हात वर केला.

"ऐकू येतंय. कळत नाहीये. किती दिवस झाले, नुसता आवाज येतो. मी हूं हूं करते." मग थोडं थांबून, "ते मशीन कमी करा की."

"मग भरवणार कसं?"

"चमचा धरायला बाई आहे, सूनबाई आहे. वाचायला कोण आहे?"

मी पुस्तक मिटलं. आधी ते पित्त, आता हे हूं हूं. मी कमी करतो म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी तिची बहीण येणार होती, माझी मेव्हणी, जिने ऑपरेशननंतर मला भरला कप पिताना पाहून सगळ्या नात्यात सांगितलं होतं. ती गेली की कमी करू, असं मी मनाशी ठरवलं. मेव्हणी आली. सुनेने चहा केला, मला नेहमीसारखा भरून आणला. आतल्या खोलीतून, जिथून घोटभर पाणी मागायलाही बायकोला दम लागत होता, तिथून आवाज आला, "त्यांना अर्धाच द्या. पित्त होतं."

"अगं, ऑपरेशन झालंय ना त्यांचं?" मेव्हणी म्हणाली.

"पित्ताचं नाही झालं," आतून उत्तर आलं.

मी तो कप घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिथे उभा राहिलो. मेव्हणी गेल्यावर मी करंट खाली आणला. हात सुटले. त्या संध्याकाळी पुस्तक लाकडी घडीच्या व्यासपीठावर ठेवलं, ज्यावर पोथी ठेवतात तसल्या, आणि हात मांड्यांखाली दाबून बसलो. पानं उलटायला बाई बसली. तिला मध्ये मध्ये गोष्ट आवडे आणि पान उलटायचं राही. मी वाचलं. बायकोने चौथ्या-पाचव्या वाक्याला डोळे उघडले आणि विचारलं, "ही माणसं तिथे खातात काय?" पुढचे काही दिवस आम्ही त्या बर्फात होतो.

ती गेली ती सकाळी, सगळे जमलेले असताना. श्वास लांबू लागला तेव्हा कोणीतरी म्हणालं, तोंडात गंगाजल घाला, आधी त्यांना घालू द्या. माझ्या हातात चमचा दिला. यंत्र कपाटात होतं, करंट खाली होता. मी चमचा उचलला आणि हात असा उडाला की पाणी तिच्या हनुवटीवर, गळ्यावर, उशीवर सांडलं. तुळशीचं पान तिच्या कानाशी जाऊन पडलं. खोलीत इतकी माणसं होती आणि सगळी बघत होती. मुलाने माझं मनगट धरलं, चमचा अलगद काढून घेतला आणि स्वतः पाणी घातलं. "राहू दे बाबा," तो म्हणाला. प्रेमानेच म्हणाला.

पुढचं वाक्य मी बरेच दिवस लिहीत नव्हतो. त्या क्षणी माझ्या मनात ती जाते आहे हे नव्हतं. लोक बघतायत हे होतं. मी माझ्या हाताकडे बघत होतो, आणि वर पाहिलं तेव्हा ती गेलेली होती.

पुढच्या वर्षी रुग्णालयातून मेळाव्याचा फोन आला. मी नाही म्हणणार होतो. मग गेलो, करंट खाली ठेवूनच. व्यासपीठावर ताईंनी नेहमीप्रमाणे पेला काठोकाठ भरला. मी माइकसमोर म्हणालो, "अर्धाच द्या." त्यांना वाटलं मी गंमत करतोय. त्या हसल्या आणि पेला पुढे केला. मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी पुढचंही म्हणालो. माझी बायको लोकांना पित्त सांगायची, पण ते पित्त नव्हे. माझा हात पुन्हा थरथरायला लागलाय, बरीच वर्षं झाली, मी सांगत नव्हतो. करंट वाढवला की हात थांबतो पण बोलणं जातं. माझ्या बायकोला बोलणं हवं होतं. डॉक्टर पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते. मग मी अर्धा पेला उचलला. त्यातलं निम्मं सदऱ्यावर गेलं. टाळ्या पडल्या नाहीत, आणि मान वर करून कोणाकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. लोक म्हणतात, एकदा सांगून टाकलं की मोकळं वाटतं. मला ओल्या सदऱ्यात खुर्चीवर बसून फक्त घरी जावंसं वाटत होतं.

नंतर चहाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. पन्नाशीच्या, नऊवारीतल्या, बहुधा मांजरी गावाकडच्या. त्यांचे यजमान भिंतीशी हात मागे बांधून उभे होते. बाई वळून हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरी पित्त सांगायच्या व्हय?"

"हो."

"म्या उपास सांगते." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "सगळ्या गावाला वाटतंय, लई देवभोळा हाय."

मला हसू आलं. रांग पुढे सरकली, माझा कप आला, आणि मी सवयीने माझ्या उजव्या बाजूला वळलो. ही उपासाची गोष्ट तिला सांगायची होती.